दोरीवरची बादली

शाळेच्या आवारातला हापसा कोरडा पडला तेव्हा परीक्षेला अजून दोन महिने होते. दांडा खालीवर केला की आतून नुसता खरखरता श्वास यायचा. पोरं तरीही दिवसभर त्याला लोंबकळत होती. शेवटी हेडमास्तरांनी दांडा तारेनं बांधून टाकला.

शाळा टेकाडावर होती. खाली नदीचं पात्र, आणि त्यात आता एवढासा एक डोह उरलेला. डोहाकडं उतरायला दगडी पायऱ्या होत्या, त्रेपन्न. शाळेची मावशी झाडलोट करायची, घंटा द्यायची, पोरांचं खाणं शिजवायची; त्यात आता दिवसाला नऊ वेळा डोक्यावर हंडा घेऊन त्या पायऱ्या चढणं आलं. तिसऱ्या आठवड्यात ती घसरली. हंडा टणटणत डोहापर्यंत गेला, मावशी आठ पायऱ्या. घोटा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी घोट्याला फडकं गुंडाळून ती पुन्हा हंडा उचलायला लागली तेव्हा हेडमास्तरांनी तिच्या हातातून तो काढून घेतला.

"असं किती दिवस चालणार?" ते तिसरीच्या बाईंना म्हणाले. "पाण्याची सोय नसेल तर शाळा बंद ठेवा, असा वरून कागद आहे. पंधरा दिवस बघू. नाहीतर पोरं खालच्या गावच्या शाळेत."

खालचं गाव सहा किलोमीटरवर. लहान पोरं तेवढं चालणार नव्हती, म्हणजे घरी बसणार होती.

त्याच आठवड्यात शाळेत एक खोकं आलं. आत जाड कागद, डिंक, बोथट कात्र्या, सुतळीचे गुंडे, रिकामी रिळं आणि एक पातळ पुस्तिका. 'रचना आणि तंत्र' नावाचा नवा विषय, तिसरी-चौथीला, आठवड्याला दोन तास. मुलांनी आजूबाजूची एखादी गरज शोधावी, त्यासाठी वस्तूची कल्पना करावी, चित्र काढावं, वस्तू बनवावी, चालवून बघावी, चुकलं तर सुधारावं. तिसरीच्या बाईंनी पुस्तिका दोनदा वाचली. त्यांना साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता.

पण बाईंचा सासरा सुतार होता.

संध्याकाळी पीठ मळता मळता त्यांनी विषय काढला. "मामंजी, शाळेत याल का? दोन तास. पोरांना जरा हत्यारं दाखवा, करवत कशी धरायची ते सांगा."

म्हातारा उंबऱ्यापाशी बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका येऊन गेला होता. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र सावरला नाही. नुसता मांडीवर ठेवला तरी तो थरथरायचा. तेव्हापासून त्याच्या कामाच्या शेडला कुलूप होतं.

"करवत धरायला मला दोन वर्षं लागली," तो म्हणाला. "माझ्या बापानं तोवर नुसता भुसा झाडायला लावला. तुझा तास केवढा?"

"चाळीस मिनिटं."

"झालं तर मग. चाळीस मिनिटांत सुतार!"

आतून सासूबाई ओरडल्या, "जा की! घरात बसून माशा तरी किती मोजणार? काल एक माशी दोनदा मोजलीत."

तो गेला. पिशवीत करवत, रंधा, काटकोन तपासायचा गुण्या, पटाशी. पस्तीस पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली, सगळ्यांचे डोळे पिशवीवर. त्यानं फळी टेबलावर ठेवली, डाव्या हातानं रेघ मारली आणि करवत लावली. पहिले चार हात ठीक गेले. मग उजवा हात नाचायला लागला. पातं रेघ सोडून गेलं, त्यानं परत आणलं, परत गेलं. फळी कापली गेली ती सापाच्या वाटेसारखी.  मग पहिल्या रांगेतून एक आवाज आला, "सुतारआजोबा, तुमचा हात असा का करतो?"

बाई घाईनं म्हणाल्या, "गप्प बस गं."

त्यानं हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. गुण्या राहिला, तोही आठवणीनं घेतला. घरी येऊन तो जेवला नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि शेजारी बसली. "पोरगीच ती. दिसलं ते बोलली."

"तेच तर," तो म्हणाला. "इतके दिवस कुणी बोललं नव्हतं."

विचारणारी पोरगी कोण, ते त्याला चार दिवसांनी कळलं. शाळेत तिला 'गोंद' म्हणत, कारण एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही. गुरं राखणाऱ्याची मुलगी, अंगानं एवढीशी, समोरचे दोन दात पडलेले. पाढे येत नसत, वाचताना बोट ठेवावं लागे.

बाईंनी मधल्या दिवसांत हत्यारांशिवायच तास घेतला होता. 'आपल्या शाळेत कुणाला काय त्रास आहे?' एवढं फळ्यावर लिहिलं. पस्तीसच्या पस्तीस पोरांनी मावशीचा पाय काढला. मग त्यावर उपाय काढले. त्या सगळ्या वह्या घेऊन बाई घरी आल्या आणि म्हाताऱ्यापुढं पसरून बसल्या. कुणी मावशीला गाढव दिलं होतं, कुणी पंख. एकानं डोहापासून शाळेपर्यंत नळी काढली होती आणि वर स्वतः तोंड लावून ओढत बसला होता.

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "याची छाती फुटेल."

पानं उलटत तो एका चित्रापाशी थांबला. त्यात फारसं काही नव्हतं. वर शाळा, खाली डोह, मध्ये एक तिरपी रेघ. रेघेला लटकलेली बादली.

"हे काय?"

"गोंदचं आहे. म्हणते, बादली दोरीवरनं येईल. पायऱ्यांना शिवणारच नाही."

म्हाताऱ्यानं चित्र लांब धरलं, जवळ धरलं. टेकाडाच्या त्या अंगावर तो साठ वर्षं चढला-उतरला होता. तुळया चढवल्या होत्या, दारं चढवली होती, बापाला खांद्यावरून खाली नेलं होतं. इतक्या वर्षांत त्या उतारावरची मोकळी हवा त्याला कधी दिसली नव्हती. तो पायऱ्याच बघत आला होता.

"हिला कुणी सांगितलं हे?"

"विचारलं मी. तर खांदे उडवले."

दुसऱ्या दिवशी तो आपणहून शाळेत गेला. या वेळी पिशवीशिवाय. गोंद वर्गाच्या कोपऱ्यात होती. तिनं खिडकीच्या गजापासून बाकाच्या पायापर्यंत सुतळी ताणून बांधली होती आणि तारेच्या आकड्याला औषधाच्या बाटलीचं झाकण अडकवून ते सुतळीवर सोडत होती. झाकण अर्ध्यात येऊन अडलं की उठायची, सुतळी बोटांनी चाचपायची, परत सोडायची.

"हे कुठं बघितलंस तू?" त्यानं विचारलं.

"घरी. आई बापूचा ओला सदरा हँगरला लावून दोरीवर टाकते. एका बाजूला दोरी खाली आहे ना, तर सदरा आपला आपला घसरत कोपऱ्यात जातो. आई रोज ओरडते." तिनं झाकण पुन्हा सोडलं. "पण ते खाली जातं. मला वर आणायचंय."

तो बाकावर बसला, कारण त्याला बसावंसं वाटलं. सदरे सगळ्यांच्याच घरी वाळतात. दोऱ्या सगळ्यांच्याच कलत्या असतात.

"अडतंय कशानं?" तो म्हणाला.

"घासतंय. साबण लावून बघितला. तेल लावलं. तेलानं बरं जातं, मग धूळ बसते."

"मग घासायलाच नको असं काय असतं?"

 सगळा वर्ग हळूहळू भोवती गोळा झाला होता. तिनं दप्तर बघितलं, बाक बघितले, खोक्याकडं बघितलं. मग उठून खोक्यातलं रिकामं रीळ घेऊन आली, आकड्यात ओवलं आणि सुतळीवर ठेवलं. रीळ फिरलं. झाकण सरसर घरंगळत बाकाच्या पायावर जाऊन आपटलं.

पस्तीस पोरं एकदम ओरडली. म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. त्यानं हात बघितला, काटा खरंच आला होता. माणसानं चाक पहिल्यांदा केलं तेव्हा बघायला कोण होतं कुणास ठाऊक. इथं तो स्वतः समोर होता.

त्या दुपारी शेडचं कुलूप निघालं.

आता त्यानं स्वतः करवत धरली नाही. फळी बाकाला आवळून बांधायची, दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि तिसऱ्यानं कापायची. तो मागं उभा राहून बोलायचा. "दाबू नको. करवतीला दात दिलेत, तिला खाऊ दे. तू नुसती ने-आण कर." कुणाचं कोपर बाहेर गेलं की डाव्या हाताचं एक बोट कोपराला लावायचा, बस. रेघेवर करवत सरळ उतरली की पोरं तोंडं उघडी टाकून बघत राहायची, कापणारा सुद्धा. रंधा फिरवला की पातळ, गुंडाळलेली, वासाची साल बाहेर पडायची; पोरींनी ती कानात घातली, पोरांनी मिशा केल्या. गुण्याचं तर त्यांना वेडच लागलं. वर्गातल्या प्रत्येक कोपऱ्याला तो लावून बघितला गेला आणि शाळेची एक भिंत वाकडी निघाली.

"हेडमास्तर, आपली शाळा चुकलीय," एकानं जाऊन सांगितलं.

हेडमास्तरांचा जीव मात्र टांगणीला होता. "सुतारकाका, पोरांच्या हातात पटाशी? एखादं बोट गेलं तर मी कुठं तोंड दाखवू?"

"बोथट हत्यारानं बोट जातं, साहेब. धारेच्या हत्याराला पोर भितं आणि जपून धरतं. तुम्ही या, धरून बघा."

हेडमास्तरांनी घटकाभर रंधा मारला. मग रोज मधल्या सुट्टीत यायला लागले आणि भुसा अंगावर घेऊन वर्गावर जायला लागले.

खाली डोहावर धुणं धुणाऱ्या बायकांना हे कळलंच. "काय हो सुतारभावजी, पाणी उडवून नेणार म्हणे! आम्हालाही बसवा एकदा त्या बादलीत." म्हातारा खाली मान घालून जायचा. बायकोनं मात्र डोहावर उभं राहून सुनावलं, "हो, बसवतील. आधी दोरी तुटणार नाही एवढ्या बारीक व्हा."

चाकाला खोबण हवी, नाहीतर ते दोरीवरून उतरतं, हे पोरांनी तीन चाकं फुकट घालवून शोधलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही. बाईंनी पुस्तिकेतून वाचून दाखवलं होतं, 'चुकू द्यावे', आणि हे दोन शब्द त्याला पटायला चार दिवस लागले. त्याच्या बापानं चुकलं की पाठीत लाकूड घातलं होतं. चौथं चाक बसलं तेव्हा ज्या पोरानं खोबण कोरली तो दिवसभर नुसता आपल्या हातांकडं बघत होता.

रविवारी बाईंचा नवरा मालट्रकची खेप टाकून घरी आला. ट्रकवरचा माल बांधायचा जाड दोर त्यानं सोबत आणला. गळाभर पाण्यात उतरून दोराचं एक टोक डोहातल्या कातळाला बांधलं. दुसरं टोक वर, शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या सागाच्या खांबाला. दोर झोळीसारखा लोंबला. चार माणसांनी ओढला तरी मध्ये उतारावरच्या कातळाला टेकत होता.

म्हाताऱ्यानं दोर खांबाला वळसा घालून दुहेरी करायला लावला, दोन पदरांत एक दांडकं घातलं आणि गोंदला म्हणाला, "पीळ दे."

तिनं दांडकं फिरवलं. एक फेरा, दोन, पाच. मग आणखी दोघं मदतीला लागले. पीळ बसत गेला तसा दोर कातळावरून हळूहळू उचलला गेला. चाळीस-पन्नास हात लांबीचा तो दोर तीन लहान पोरांच्या हातांनी हवेत उठला आणि ताठ झाला. म्हाताऱ्यानं त्यावर टिचकी मारली. दोर घुमला. पोरांनी एकेक करून कान लावला.

"आतून बोलतोय," गोंद म्हणाली.

बादली खाली सोडून बघितली तर ती पाण्यावर तरंगायला लागली. भरेचना. पायऱ्यांवर बसलेल्या बायका पोट धरून हसल्या. बडबड्या म्हणून एक पोरगा होता, तो धावत खाली गेला आणि त्यानं बादलीच्या काठाला एका बाजूनं गोटा बांधला. बादली कलली, तिनं एक मोठा घोट घेतला आणि ती बुडाली. बायकांचं हसू थांबलं.

मग राहिला रहाट, बादलीला बांधलेली दुसरी दोरी गुंडाळून ती वर ओढायचा. शिसवाचा एक गोल ओंडका म्हाताऱ्यानं शेडमध्ये कित्येक वर्षं जपून ठेवला होता. तो दोन खांबांच्या बेचक्यात बसला, आरपार लोखंडी गज, गजाला मूठ. मूठ सुटली तर रहाट उलटा फिरून कुणाचं तोंड फोडेल म्हणून बाजूला एक खुंटी केली. ती ओंडक्याच्या खाचांत पडत जायची आणि त्याला मागं फिरू द्यायची नाही. ओंडक्याला खाचा पाडायचं काम चौथीच्या पोरींनी केलं.

पंधरा दिवसांतला तेरावा दिवस होता. सकाळची शाळा. ऊन अजून कोवळं होतं. सगळी शाळा आवारात, अर्धं गाव पायऱ्यांवर. मावशीला खुर्ची दिली होती. ती खुर्चीत बसायला तयार नव्हती, मग काठावर टेकली.

खुंटी वर धरून बादली सोडली. चाक घुमत गेलं, बादली लहान लहान होत उतारावरून खाली गेली आणि डोहात शिरली. दोर हलला, सैल पडला, ताठ झाला. "भरली!" खालून बायकाच ओरडल्या.

मूठ फिरवायला गोंद आणि बडबड्या. खुंटी खाचांत टक, टक पडत होती. बादली पाण्यातून सुटली आणि वर यायला लागली. पायऱ्यांवरची माणसं माना वळवून बघत राहिली, कारण पाणी त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. बादलीच्या बुडाचे थेंब उन्हात चमकत खाली पडत होते. एका म्हाताऱ्या बाईनं तळहात पुढं केला आणि त्यावर पडलेला थेंब डोळ्यांना लावला.  

बादली खांबाशी येऊन थांबली. बाईंनी ती काढून मावशीपुढं ठेवली. मावशीनं आधी बादलीकडं बघितलं, मग खाली डोहाकडं, मग आपल्या सुजल्या पायाकडं. "मी इथंच होते ना?" ती म्हणाली. "मी उठलेच नाही." मग तिनं पदर तोंडाला लावला.

टाळ्या, आरडाओरडा, हेडमास्तरांनी टोपी उडवली. बादल्यांवर बादल्या यायला लागल्या. पोरं रांग लावून मूठ फिरवत होती, बायकाही रांगेत शिरल्या. म्हातारा सुतार शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. उजवा हात थरथरत होता आणि तो लपवायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

गोंद मात्र रांगेत नव्हती. ती जमिनीवर पालथी पडून, हनुवटी मुठींवर ठेवून येणाऱ्या बादलीकडं बघत होती. कपाळावर आठी. म्हातारा जवळ गेला.

"काय झालं गं? आवडलं नाही?"

"सांडतंय," ती म्हणाली. "निम्मी येतेय."

"हालणारच. दोरीवर आहे."

"नुसती हालत नाही. हिसका बसतो. मी मोजलं. एका फेऱ्याला एकदाच बसतो. मूठ वर आली की." तिनं मान वर केली. "दोरीत नाही. रहाटात आहे."

त्यानं पोरांना थांबवलं. ओंडक्यावर डावा तळहात ठेवला आणि तिला मूठ हळू फिरवायला सांगितली. फिरता फिरता लाकूड तळहातापासून किंचित दूर गेलं आणि परत येऊन भिडलं. दुसऱ्या फेऱ्याला तसंच. ती त्याच्याकडं बघत होती, तो ओंडक्याकडं.

त्यानं गज काढायला लावला, ओंडका उतरवून उभा केला. गोंदनं वहीचं पान ओंडक्याच्या तोंडावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, बोथट कात्रीनं गोल कापला. गोलाची एकदा घडी घातली, मग पुन्हा एकदा, आणि उलगडला. घड्यांच्या दोन रेघा मधोमध एकमेकींना छेदत होत्या. हे तिला बाईंनी शिकवलं होतं, कागदाचं फूल करायला. तिनं कागद ओंडक्यावर काठाला काठ लावून बसवला आणि जिथं रेघा मिळत होत्या तिथं पेन्सिलीचं टोक दाबलं.

खूण लाकडावर उमटली. शेजारी गजाचं भोक होतं. भोकाचा मध्य आणि ती खूण यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं.

भोवती शाळा जमली होती. बाई मागून म्हणाल्या, "मामंजी, राहू द्या आता, चालतंय तेवढं."

"हे भोक मी पाडलं," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "पोरांना दिलं नाही. शेडचं दार लावून, एकट्यानं पाडलं. म्हटलं, एक तरी काम आपल्या हातचं असावं."

गोंदनं त्याच्या हाताकडं बघितलं, मग भोकाकडं. "जवळ जवळ बरोबर आलंय," ती म्हणाली.

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खाली बसला, भुशात, तिच्या शेजारी, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. साठ वर्षं त्यानं ज्यांच्याकडून मान घेतला त्यांतल्या कुणी त्याचं काम असं तपासलं नव्हतं. कागदाचा तो घड्या पडलेला गोल त्यानं डाव्या हातात धरला आणि उन्हाला लावून कितीतरी वेळ बघत राहिला.

"भोकं पाडायचा सामता आणा रे शेडमधनं," तो पोरांना म्हणाला. "आणि जुन्या भोकात बसेल अशी एक खुंटी तासा. घट्ट. नवं भोक हिच्या खुणेवर पडेल."

"कोण पाडणार?" बडबड्यानं विचारलं.

गोंद आधीच ओंडक्यावर एक पाय ठेवून उभी होती, तोल सांभाळत, परकर कमरेला खोचून. "आजोबा," ती म्हणाली, "सरळ जातंय का ते तुम्ही बघा. मला वरून दिसत नाही."

"बघतो," तो म्हणाला, आणि एक डोळा मिटला.